दाद मागण्याची जागा : विजापूरचा आसार महाल

विजापूरला सहल गेली की सगळ्यांचे पाय आधी गोलघुमटाकडे वळतात. अरुंद जिन्याने वर जायचे, घुमटाच्या आतल्या सज्जात उभे राहून आपलेच नाव मोठ्याने पुकारायचे आणि ते पुन्हापुन्हा परत येताना ऐकायचे. बेळगाव, निपाणी, अथणी, जमखंडीकडच्या तीन-चार पिढ्यांनी शाळेच्या सहलीत हे केले आहे. मग जुम्मा मशीद, बारा कमान, मुलुखमैदान तोफ, गावाच्या पश्चिमेला इब्राहिम रोझा. मध्ये कुठेतरी झाडाखाली बसून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. दिवस मावळायला परतीची बस. या घाईत एक इमारत हमखास राहून जाते. आतल्या किल्ल्याच्या पूर्वेला, खंदकापलीकडे ती उभी आहे. तिचे नाव आसार महाल.

(१ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर गावाचे नाव विजयपुर झाले. आपल्या घरांत अजून विजापूरच म्हणतात, म्हणून इथेही तेच ठेवले आहे.)

हा महाल मुहम्मद आदिलशहाने १६४६ च्या सुमारास बांधला. गोलघुमट ज्याची कबर आहे, तोच हा बादशहा. महालाची दर्शनी बाजू सगळी उघडी. छत तोलून धरणारे चार उंच सागवानी खांब आणि समोर चौकोनी हौद. किल्ल्यातून इकडे यायला खंदकावर पूल होता, त्याचे अवशेष अजून दिसतात. वरच्या मजल्यावरच्या दालनांत भिंतींवर रंगकाम आहे. हे सगळे बांधले ते राहण्यासाठी नव्हे, न्यायनिवाड्यासाठी. याचे पहिले नाव दाद महाल. दाद म्हणजे फारसीत न्याय. आपण आजही ‘दाद मागतो’ आणि ‘कुठे दाद लागत नाही’ म्हणून कपाळाला हात लावतो, तो हाच शब्द.

पुढे पैगंबरांच्या दाढीचे केस म्हणून जपलेले पवित्र अवशेष इथे ठेवण्यात आले. अशा अवशेषांना ‘आसार’ म्हणतात, त्यावरून नाव बदलले आणि न्यायाची जागा श्रद्धेची झाली. इथे हस्तलिखितांचा मोठा संग्रहही होता. त्यातली हस्तलिखिते १८५३ मध्ये लंडनला गेली. प्रवासाच्या पुस्तकांत मात्र या महालाविषयी आणखी एक ओळ वर्षानुवर्षे छापली जाते: बायकांना आत प्रवेश नाही. न्याय मागण्यासाठी बांधलेला महाल, आणि निम्म्या माणसांनी बाहेर हौदापाशी थांबायचे.

गेली चाळीस वर्षे आपल्या देशात शरियत या शब्दावर जेवढे बोलले गेले, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या कायद्यावर बोलले गेले असेल. तो आपल्या मुलखात प्रत्यक्ष कसा चालत होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. ते समजून घ्यायला विजापूरसारखे गाव नाही.

एक कायदा, अनेक वाटा

आधी एक गोष्ट साफ करून घेऊ. शरियत म्हणजे श्रद्धावंताने चालायची वाट. कुराण आणि पैगंबरांचे आचरण हा तिचा पाया. पण त्या पायावर विद्वानांनी अर्थ लावून जे नियम बांधले, त्याला फिक्ह म्हणतात. अर्थ लावणारी माणसे होती, त्यामुळे मतेही वेगवेगळी झाली. सुन्नी पंथात चार मोठ्या परंपरा आहेत: हनफी, शाफी, मालिकी आणि हनबली. शिया पंथाची जाफरी परंपरा निराळी. आपल्या भागातच बघा. घाटावरचे बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी, तर कोकणी मुसलमान आणि भटकळचे नवायत शाफी. घाट उतरला की कायदा थोडा बदलतो.

विजापूरने हा बदल सिंहासनावरच पाहिला. राज्याचा संस्थापक यूसुफ आदिलशहा याने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला शिया पंथ जाहीर केला. १५३४ मध्ये गादीवर आलेल्या पहिल्या इब्राहिमने सुन्नी हनफी परंपरा आणली. १५५८ मध्ये पहिला अली आदिलशहा आला आणि पुन्हा शिया पंथ आला. १५८० नंतर दुसऱ्या इब्राहिमच्या काळात परत सुन्नी. गाव मात्र तेच.

हा फरक फक्त नमाजापुरता नव्हता. हनफी मताप्रमाणे निकाहाला दोन साक्षीदार लागतातच, पण तलाकला साक्षीदार लागत नाही. शिया मताप्रमाणे तलाकलाही दोन साक्षीदार हवेत, आणि एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक ते मानत नाहीत. म्हणजे ज्या प्रश्नावर आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला, त्याची दोन उत्तरे विजापूरने चारशे वर्षांपूर्वीच पाहिली होती, आणि दोन्ही उत्तरे इस्लामी कायद्यातलीच होती.

महजर म्हणजे हजर

दाद महालात बादशहाचा न्याय. पण खेड्यातल्या माणसाला विजापूर गाठणे कुठे परवडणार? त्याच्यासाठी काझी होता. परगण्याच्या ठिकाणी काझीची नेमणूक असे. निकाह लावणे, वारसांचे हिस्से ठरवणे, खरेदीखतावर शिक्का उमटवणे ही त्याची कामे. वतनाचा मोठा तंटा उभा राहिला की मजालस भरे. त्या मजालशीत काझी, ठाण्याचे अंमलदार, देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन आणि बलुतेदार असे सगळे बसत. निर्णयाचा जो कागद होई, त्याला महजर म्हणत. ‘हजर’ आणि ‘महजर’ हे एकाच मुळाचे शब्द. सगळ्यांच्या हजेरीत झालेला तो महजर.

असे शेकडो महजर आज छापून उपलब्ध आहेत. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात अशा कागदांचा मोठा अभ्यास आहे. या कागदांचे रूप पाहण्यासारखे असते. काझीचा फारसी शिक्का, खाली मोडीतला मराठी मजकूर, आणि शेवटी गोतातल्या माणसांच्या निशाण्या. पाटलाच्या नावापाशी नांगर, सुताराच्या नावापाशी त्याच्या हत्याराची खूण, तशाच बाकीच्या बलुतेदारांच्या. ज्याला अक्षर येत नव्हते, त्याचीही साक्ष कागदावर उमटलेली असे.

मराठी मजकूर का? तर पहिल्या इब्राहिम आदिलशहाने हिशेबाचे दप्तर फारसीतून काढून इथल्या भाषेत आणि इथल्या ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिले, असे विजापूरच्या दरबारात बसून इतिहास लिहिणाऱ्या फिरिश्त्याने नोंदवले आहे. त्यामुळे राज्य मुसलमान बादशहाचे, बोलीभाषा कानडी आणि मराठी, शिक्का फारसी, आणि कागद मोडीत, असा व्यवहार सुमारे दीडशे वर्षे चालला.

निवाडा कोणत्या कायद्याने होई? मुसलमानाच्या लग्नाचा किंवा वारसाचा प्रश्न शरियतने. पण पाटीलकीचा तंटा गोताच्या रिवाजाने. साक्षीपुराव्याने भागले नाही तर दिव्य करावे लागे. तापलेल्या तुपातून धातूचा रवा हाताने बाहेर काढायचा, हात बांधून ठेवायचा आणि काही दिवसांनी उघडून भाजला की नाही ते पाहायचे. फिक्हच्या पुस्तकांत दिव्याला जागा नाही, तरीही मजालशीत काझी हजर असे. कायद्याचे पुस्तक आणि गावची रीत यांच्यात त्याला वाट काढावी लागे.

आणखी एक पद्धत लक्षात ठेवण्यासारखी. वाद सुरू होण्याआधी दोन्ही पक्षांकडून ‘या मजालशीचा निर्णय आम्हांस मान्य’ असा कागद घेत. त्याला राजीनामा म्हणत. राजी असल्याचा तो राजीनामा! हरलेला पक्ष नंतर जिंकणाऱ्याला येजितखत लिहून देई. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद झाला, मराठीतही आणि कानडीतही. पण जमिनीच्या भांडणात दोन भाऊ दमले की घरातले वडीलधारे अजून तेच सांगतात, “राजी करून टाका रे”, “राजी माडकोरी”.

दोन्ही घरांतले शब्द

आपल्यासारख्या दुभाषी घरांनी हा खेळ एकदा करून पाहावा. वकील, फिर्याद, जामीन, हक्क, अर्ज, तकरार, दावा, वारसदार, नक्कल, मंजूर, हुकूम, जप्ती, कबूल, कायदा. आता कानडीत म्हणा: वकीलरु, फिर्यादि, जामीनु, हक्कु, अर्जि, तकरारु, दावे, वारसुदार, नकलु, मंजूरु, हुकुमु, जप्ति, कबूलु, कायदे. मराठीने कानडीकडून घेतले की कानडीने मराठीकडून, यावर भांडायचे कारण नाही. बरेचसे शब्द दोघींनी एकाच कचेरीच्या पायरीवरून उचलले आहेत.

यातले कित्येक मुळात फिक्हचे पारिभाषिक शब्द आहेत. वकील म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. निकाहातही वधूच्या वतीने वकील उभा राहतो. कबूल म्हणजे कराराला दिलेला होकार. जामीन म्हणजे दुसऱ्याचे देणे आपल्या शिरावर घेणारा. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचवले गेले. ‘अमात्य’, ‘सचिव’ दरबारात आले, पण न्यायाच्या दारात जामीन आणि फिर्याद तशीच राहिली. कारण हे शब्द दरबाराचे नव्हते, अडलेल्या माणसाच्या तोंडचे होते.

काझीही राहिला. १७६० मध्ये विजापूर निजामाकडून पेशव्यांकडे आले, तरी पेशवाईतल्या गावोगावच्या काझींची वतने चालू होती. काझी हे आडनाव आपल्या भागात इतके दिसते ते त्यामुळे.

काझीने ‘नाही’ म्हटले तेव्हा

आसार महालाकडून किल्ल्यात गेले की गगन महाल लागतो. मधली प्रचंड कमान लांबूनच ओळखू येते. १२ सप्टेंबर १६८६ रोजी सिकंदर आदिलशहा औरंगजेबाला शरण गेला आणि आदिलशाही संपली.

या चढाईची एक कायदेशीर बाजू होती. मुसलमान बादशहाने दुसऱ्या मुसलमान राज्यावर चालून जाणे शरियतला धरून आहे काय? औरंगजेबाने हा प्रश्न आपल्या मुख्य काझीला, शेख-उल-इस्लाम याला विचारला. ज्या बादशहाने हनफी कायद्याचा ‘फतवा-ए-आलमगिरी’ हा मोठा ग्रंथ सिद्ध करवून घेतला, त्याच्याच काझीने ही चढाई धर्माला धरून नाही असे सांगितले, पद सोडले आणि तो मक्केला निघून गेला. चढाई थांबली नाही. बादशहाने दुसरा काझी नेमला.

या घटनेतून दोन्ही गोष्टी दिसतात. कायदा सत्तेपेक्षा मोठा, असे म्हणणारी माणसे या परंपरेत होती. आणि त्यांचे ऐकायचे की नाही, हे शेवटी सत्तेच्या हाती होते.

जुना काळ सोन्याचा होता असे मात्र कोणी समजू नये. हनफी पुस्तकांप्रमाणे मुसलमानाविरुद्ध बिगरमुसलमानाची साक्ष चालत नसे. पैशाच्या व्यवहारात दोन स्त्रियांची साक्ष एका पुरुषाबरोबर धरली जाई. मजालशीच्या यादीत बायकांची नावे शोधावीच लागतात. पण एक गुण त्या व्यवस्थेत होता: समोरासमोर उभे करून ऐकल्याशिवाय निवाडा नाही. कुराणाच्या निसा या सूरेत नवराबायकोच्या भांडणासाठीही हाच मार्ग सांगितला आहे. एक पंच नवऱ्याकडचा, एक बायकोकडचा, आणि समेटाचा प्रयत्न आधी. सतराव्या शतकातले सुरतेचे काही निकाहनामे अभ्यासकांनी प्रसिद्ध केले आहेत. त्यांत नवऱ्याकडून अटी लिहून घेतलेल्या दिसतात. दुसरे लग्न करणार नाही, मारहाण करणार नाही, पोटगीची सोय न करता परागंदा होणार नाही. अट मोडली तर बायकोला मोकळे होण्याचा हक्क. व्यापारी शहरातल्या शहाण्या आईबापांनी मुलीसाठी केलेली ही तजवीज होती.

काझी गेला, पुस्तक राहिले

इंग्रजांनी कायद्याचे दोन भाग केले. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने ठरवले की लग्न, वारसा वगैरे बाबतींत मुसलमानांना कुराणाचा आणि हिंदूंना शास्त्राचा कायदा लावायचा. मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टनच्या संहितेने फौजदारी कायदा वेगळा केला, आणि १८६२ पासून भारतीय दंडविधान सगळ्यांना सारखे झाले. चोरी आणि खुनाच्या बाबतीत शरियत तेव्हाच संपली. उरली ती घरातली.

१८६४ मध्ये काझींच्या सरकारी नेमणुका बंद झाल्या. लोकांची अडचण झाली म्हणून १८८० च्या काझी कायद्याने त्या पुन्हा करता येऊ लागल्या, पण आता निवाड्याचा अधिकार काझीकडे नव्हता. तो गेला न्यायालयाकडे, आणि न्यायालय चालले पुस्तकावर. हनफी ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे झाली, पुढे दिनशा मुल्लांसारख्या कायदेपंडितांची पुस्तके आली. रोझ्याच्या भिंतीवरची नक्षी जशी दगडात पक्की झाली, तसा जिवंत वादविवादाचा कायदा छापील कलमांत पक्का झाला.

त्यातून काय अनर्थ होतो ते लवकरच दिसले. हनफी मताप्रमाणे परागंदा नवऱ्यापासून बायकोला सुटका जवळजवळ नव्हती. पंजाबात काही बायकांनी लग्नातून मोकळे होण्यासाठी धर्म सोडल्याचे जाहीर केले. तेव्हा देवबंदच्या परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनीच मालिकी परंपरेतला सोयीचा नियम घ्यावा असे सुचवले. त्यातून १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल किंवा दोन वर्षे पोटगी देत नसेल, तर बायको न्यायालयात जाऊन मोकळी होऊ शकते. त्याआधी १९३७ च्या कायद्याने मुसलमानांच्या कौटुंबिक बाबींना रिवाजाऐवजी शरियत लागू केली होती, पण शेतजमिनीचा प्रश्न बाजूला ठेवला होता.

नवऱ्याच्या एका उच्चाराने होणारा तलाक मात्र तसाच राहिला. न पंच, न साक्षीदार, न समोरासमोर उभे राहणे. मजालशीतला चांगला भाग गळून गेला आणि पुरुषाचा अधिकार तेवढा शिल्लक राहिला.

बायकांनी मागितलेली दाद

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर सात मुसलमान बायकांचा मोर्चा निघाला. सोबत होते चिपळूणकडचे मराठी लेखक हमीद दलवाई. मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची. मोर्चा सात जणींचा, पण त्याची आठवण साठ वर्षे टिकली. १९७० मध्ये दलवाईंनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले.

मग इंदूरच्या शहाबानो. १९३२ मध्ये लग्न, १९७८ मध्ये तलाक. नवरा स्वतः वकील. खालच्या न्यायालयाने महिना २५ रुपये पोटगी ठरवली, उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. २३ एप्रिल १९८५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यावरून देश ढवळून निघाला आणि १९८६ मध्ये संसदेने वेगळा कायदा करून तो निकाल निष्प्रभ केला. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा अर्थ लावताना सांगितले की इद्दतीच्या मुदतीत नवऱ्याने बायकोच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची रास्त तरतूद केली पाहिजे.

२००२ हे वर्ष फारसे कोणाच्या लक्षात नसते, पण ते फार महत्त्वाचे आहे. त्या वर्षी आधी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तलाकला सबळ कारण हवे, त्याआधी दोन्हीकडच्या पंचांमार्फत समेटाचा प्रयत्न झालेला हवा, आणि हे सगळे सिद्ध करावे लागेल. नुसते ‘मी तलाक दिला होता’ असे न्यायालयात लिहून देणे पुरणार नाही. कागदावर ही नवी गोष्ट वाटते. प्रत्यक्षात न्यायाधीशांनी निसा सूरेतले ते दोन पंच पुन्हा बोलावून आणले.

२२ ऑगस्ट २०१७ ला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरला. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यावर मतभेद आहेत. नवरा तुरुंगात गेला तर पोटगी कोण देणार, हा प्रश्न मुसलमान बायकांच्या संघटनांतूनही विचारला गेला. १० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घटस्फोटित मुसलमान स्त्रीला इतर स्त्रियांप्रमाणे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालीही पोटगी मागता येते. शहाबानोंनी मागितलेली दाद अशी फिरून जागेवर आली.

मुसलमान देशांतही हे बदल झाले आहेत. इजिप्तने १९२९ मध्येच एका दमातले तीन तलाक एकच धरले. ट्युनिशियाने १९५६ मध्ये न्यायालयाबाहेरचा तलाक आणि बहुपत्नीत्व दोन्ही बंद केले. पाकिस्तानात १९६१ पासून तलाकची लेखी नोटीस, समेटाची बैठक आणि नव्वद दिवसांची मुदत आहे.

सातबारा, उतारा आणि वक्फ

विजापूरच्या रस्त्यावर इस्लामी कायद्याची चर्चा ऐकायची असेल तर आज ती तलाकची नसते, जमिनीची असते. मशीद, दर्गा, कबरस्तान यांच्या खर्चासाठी मालमत्ता कायमची बाजूला काढून ठेवणे म्हणजे वक्फ. एवढ्या रोझ्यांच्या आणि दर्ग्यांच्या गावाभोवती अशा जमिनी असणारच. इंग्रजांनी इनामे तपासली, १९७० च्या दशकातल्या जमीन सुधारणांनी पुष्कळ इनामी जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर झाल्या. पण एका दप्तरातली नोंद बदलली आणि दुसऱ्यातली तशीच राहिली की भांडण ठरलेले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तिकोटा तालुक्यातल्या होनवाडसह विजापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना त्यांच्या जमिनी वक्फच्या असल्याचे सांगणारे कागद येऊ लागले. पहाणीपत्रक काढून पाहावे तर कुठे नोंद बदललेली. लोक रस्त्यावर आले, आणि मुख्यमंत्र्यांनी नोटिसा मागे घेण्याचे आदेश दिले. एप्रिल २०२५ मध्ये संसदेने वक्फ कायदा बदलला, तेव्हा मुसलमान संस्थांनी आपल्यालाही नीट विचारले नाही म्हणून न्यायालय गाठले. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली.

दोन्हीकडची तक्रार एकच होती, आम्हाला न ऐकता कागद फिरवला. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या शेतकऱ्यालाही ऐकून घ्यायला हवे, आणि पूर्वजांनी दान दिलेले दर्ग्याचे शेत कोणी गिळले असेल तर त्या मुजावरालाही. चारशे वर्षांपूर्वी हाच तंटा मजालशीत गेला असता, तर पाटलापासून बलुतेदारांपर्यंत सगळ्यांना शिवारात उभे करून बांध विचारला असता.

आपल्या घरातला हिस्सा

हे सगळे मुसलमानांचे, आपला काय संबंध, असे वाचणाऱ्याला वाटेल. तर एक हिशेब मांडतो. शरियतप्रमाणे मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा आहे, मुले असतील तर विधवेला आठवा. मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा जास्त कोणालाही देता येत नाही, म्हणजे मुलीला पूर्ण वगळणे अवघड. मुलीला निम्मा देणे आजच्या मापाने कमीच. पण हा हिस्सा चौदाशे वर्षांपूर्वी लिहिला गेला. हिंदू मुलीला वडिलांच्या मिळकतीत कायद्याने वाटा आला १९५६ मध्ये, वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क कर्नाटकात आणि महाराष्ट्रात १९९४ मध्ये, देशभर २००५ मध्ये.

आणि मिळतो कोणाला? दोन्ही घरांतली रीत एकच. वडील गेले की तेराव्याला नाहीतर चाळिसाव्याला बहिणीपुढे कागद येतो. “अक्का, एक सही कर, माहेर तुटायला नको.” हक्कसोडपत्रावर सही होते, साडीचोळी होते, आणि कायदा कपाटात राहतो. अशा वेळी काझी नसतो, न्यायाधीश नसतो. ऐकून घेणारे आपणच असतो.

विजापूरला जाल तर हिवाळ्यात जा, उन्हाळा तिथे माणूस भाजून काढतो. गोलघुमटासमोरचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. तिथले फारसी, अरबी, कानडी आणि संस्कृत शिलालेख पाहून घ्या. घुमटात आपला आवाज ऐकून झाला की अर्धा तास आसार महालासाठी ठेवा. घरी माळ्यावर मोडीतले जुने कागद असतील तर ते रद्दीत घालू नका, मोडी वाचणाऱ्याला दाखवा. एखादा महजर निघाला तर त्यावरची नावे मोजा. आणि एखाद्या पणजीचे नाव सापडले, तर तेवढे मुलींना आवर्जून दाखवा.